निंबोळ्या वेचायला चला

मृगाचा पाऊस झाला की ताडकळसच्या शिवारात सगळे हात सोयाबीन-कापसाच्या पेरणीत गुंततात. नेमक्या त्याच दिवसांत कडुलिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो आणि पायदळी तुडवला जाऊन चिखलात कुजतो. बचत गटाने, गल्लीने किंवा शाळेने मिळून यंदा बिनविषारी परसबाग लावायची ठरवली असेल, तर पहिलं काम या झाडांखाली आहे. वाफे आठ दिवस मागे पडले तरी चालेल, निंबोळी वर्षातून एकदाच पिकते.

पिकून पडलेल्या निंबोळ्याच घ्या, हिरव्या तोडू नका. त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढा, बिया सावलीत खडखडीत वाळवा आणि गोणपाटाच्या पोत्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि सगळी मेहनत वाया जाते. एकट्या बाईला हे होत नाही. दहा जणी सकाळी दोन तास वेचायला बसल्या तर बागेची वर्षभराची सोय होते.

फवारणी करायची तेव्हा 10 लिटरच्या पंपाला अर्धा किलो कुटलेली निंबोळी घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने पिळून गाळा, पाणी घालून 10 लिटर करा आणि 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. हा झाला 5 टक्के निंबोळी अर्क. फवारा संध्याकाळी, कारण त्यातलं अझाडिरेक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. फवारल्यावर किडी पटापट मरून पडल्या नाहीत म्हणून हिरमुसू नका. अर्काने किडीचं खाणं सुटतं, अळीची कात नीट पडत नाही. म्हणून अंडी आणि बारीक अळ्या दिसताच फवारायचं. बोटाएवढी अळी हातानेच वेचावी.

भाजीवर विषारी औषध नकोच, असं मी आग्रहाने म्हणतो. भेंडी एक-दोन दिवसांआड तोडावी लागते. फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये, असं डब्यावर लिहिलेलं असतं. ते या भाजीत पाळायचं कसं? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच औषध, तोच पंप घरामागच्या वांग्याला वापरायचा आणि ते वांगं लेकराच्या ताटात वाढायचं, हे थांबायला हवं. तणनाशक मारलेला पंप तर बागेत आणूच नका. टू-फोर-डीचा अंश राहिला तरी भेंडीची पानं आकसून वेडीवाकडी होतात आणि आपण रोग समजून आणखी काही तरी मारत बसतो.

आपल्याकडची खरी अडचण शेजारच्या कपाशीची आहे. भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी दोन्हींवर येतात. म्हणून भेंडी कपाशीच्या कडेला लावू नका. मधे मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी हळद्या रोगाला दाद देत नाही म्हणून देशभर गेली. आता तिच्यावरही काही ठिकाणी हळद्या दिसतो. पानाच्या शिरा पिवळ्या पडलेलं पहिलं झाड दिसताच उपटून पुरा. त्यावर औषध नाही. पांढरी माशी तिथून रस शोषून पुढच्या झाडावर बसते आणि रोग पुढे नेते, एवढंच.

वांग्याचा शेंडा मान टाकून वाळला की आत अळी आहे समजा. शेंडा वितभर कापून बागेबाहेर नेऊन जाळा. दर आठवड्याला ही पाळी कोणाची, ते आधीच ठरवा. दोडका-कारल्यात फळमाशीने डंख मारलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा. तुम्ही पुरली आणि शेजारच्या घराने उकिरड्यावर टाकली, तर माशी तिथून परत येणारच. म्हणून हे गल्लीने मिळून करायचं काम आहे.

आपली काळी जमीन पावसात पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात, मर लागते. गादीवाफे वितभर उंच करा, पाण्याला वाट ठेवा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून लावणीआधी वाफ्यात घाला. परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स हे उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रणही मिळतं. कडेने झेंडू, मधे कोथिंबीर-बडीशेप फुलावर येऊ द्या. त्यावर ढालकिडे येतात आणि मावा फस्त करतात. मावा दिसला की लगेच पंप उचलू नका. आधी पान उलटून बघा. ढालकिड्याच्या काळसर अळ्या फिरत असतील, तर दोन-चार दिवस थांबा.

निंबोळीच्या पोत्यावर कोळशाने साल लिहून ठेवा. वर्षाहून जुन्या निंबोळीत जोर राहत नाही.