लोकल गाडीची इंग्रजी शिकवणी

'आपल्याला बुवा इंग्रजी जमत नाही' हे वाक्य आपल्या महाविद्यालयात पदोपदी कानी पडते. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या माझ्यासारख्या मुलामुलींना तर तो जन्माचा दोषच वाटू लागतो. आपण शब्दार्थांची वही करतो, रोज दहा शब्द घोकतो आणि परीक्षेच्या वेळी त्यांतले बहुतेक विसरतो. यात बुद्धीचा दोष नाही. एकटा पाठ केलेला शब्द कशाला धरून राहणार? तोच शब्द एखाद्या विषयाच्या गटात आणि वाक्यात भेटला की लक्षात राहतो. उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या ओळखीचा विषय घेऊ : लोकल गाडी.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत २१ मैलांचा प्रवास करून देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. १८५४ साली लोहमार्ग कल्याणला पोचला. गाडीबरोबर तिचे शब्दही आले. आपल्या लोकांनी ते नुसते उसने घेतले नाहीत, तर त्यांना मराठी व्याकरण शिकविले. तो सिग्नल, ती लोकल, ते तिकीट अशी लिंगे दिली. तिकिटे, तिकिटाला, स्टेशनावर अशी रूपे केली. म्हणजे हे शब्द आपल्याजवळ आहेतच. आता त्यांची इंग्रजीतली वागणूक तेवढी पाहावयाची आहे.

(१) ओळखीचे शब्द, नवे अर्थ

फास्ट : आपल्याकडे मोजक्या स्टेशनांवर थांबणारी ती 'फास्ट'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ जलद असा आहे, तसाच उपवास असाही आहे. 'माय मदर कीप्स अ फास्ट ऑन एकादशी' – माझी आई एकादशीचा उपवास करते.

लेट : 'द प्रिन्सिपल इज लेट' म्हणजे प्राचार्यांना उशीर झाला आहे. परंतु 'द लेट प्रिन्सिपल' म्हणजे दिवंगत प्राचार्य! शब्दाची जागा बदलली की केवढा अनर्थ होतो, हे अर्ज लिहिताना ध्यानात ठेवावे.

पास : खिशातल्या पासाला इंग्रजीत 'सीझन तिकीट' म्हणतात. क्रियापद म्हणून 'पास'चा अर्थ पुढे देणे. 'प्लीज पास माय बॅग' – माझी पिशवी जरा पुढे द्या. गर्दीच्या डब्यात याचा सराव रोज करता येईल.

अप-डाउन : मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाउन. त्यावरून आपण रोजच्या जाण्यायेण्याला 'अप-डाउन करणे' म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी 'कम्यूट' हे क्रियापद आहे. 'आय कम्यूट फ्रॉम कल्याण टु ठाणे' – मी रोज कल्याणहून ठाण्याला ये-जा करतो.

(२) गाडी चुकते की माणूस?

मराठीत 'माझी गाडी चुकली' असे आपण म्हणतो. या वाक्यात कर्ता गाडी आहे. इंग्रजीत मात्र 'आय मिस्ड द ट्रेन'. तेथे कर्ता माणूस. तसेच 'मला उशीर झाला' याचे 'आय ॲम लेट' होते. मराठीत उशीर आपल्याला 'होतो', इंग्रजीत आपण स्वतःच 'लेट' असतो. म्हणून मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून उलटविले की अडचण येते. क्रियापद नेहमी पूर्ण वाक्यासह शिकावे, ते यासाठीच.

(३) लहान शब्दांची मोठी कामे

'बाय ट्रेन' – गाडीने. 'ऑन द ट्रेन' – गाडीत. 'ॲट द स्टेशन' – स्टेशनावर. 'गेट ऑन' – चढणे. 'गेट ऑफ' – उतरणे. आता एकच वाक्य पाहा : 'आय गेट ऑन ॲट डोंबिवली ॲन्ड गेट ऑफ ॲट ठाणे.' – मी डोंबिवलीला चढतो आणि ठाण्याला उतरतो. मराठीत ज्या दोन्ही ठिकाणी 'ला' हा प्रत्यय पुरला, तेथे इंग्रजीने 'ॲट' घेतला. नियम पाठ करण्यापेक्षा हे एक वाक्य पाठ करणे सोपे.

ही पद्धत काही माझा शोध नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतही शब्दांमागोमाग भाषांतरासाठी वाक्ये येतात आणि कित्येक मराठी घरांनी त्या पुस्तकावर इंग्रजी गिरविले. आपण फक्त विषय आपल्या जगण्यातले निवडावेत : स्वयंपाकघर, बँक, रेशनचे दुकान, दवाखाना. एका विषयाचे दहा शब्द घ्यावेत, प्रत्येकाचे एक वाक्य स्वतःच्या दिनक्रमातून करावे आणि ते मोठ्याने म्हणावे. प्राध्यापकांनी आठवड्यातून दहा मिनिटे अशा वाक्यांसाठी दिली, तर मागच्या बाकावरची मुलेही तोंड उघडतील.

माझी आई चौथीपर्यंत शिकली. तिकीट, पास, फास्ट, स्लो, प्लॅटफॉर्म, इंडिकेटर, सिग्नल, लेडीज, सीट, लेट, कॅन्सल – एका संध्याकाळच्या बोलण्यात मी तिचे एवढे शब्द टिपले. जिला आपण 'अडाणी' म्हणतो तिच्या जिभेवर ही पुंजी आहे, तर बारावी उत्तीर्ण झालेल्या आपण शून्यापासून सुरुवात करतो, हे म्हणणे खरे नाही. आपापल्या घरी अशी एक यादी करून पाहा आणि प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य लिहा.