गाडीचा दम वेळेवरच्या निगेत



पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी लावून मळतात. बैल खाली बसल्यावर कोणी खांदा शेकत नाही, तो चालता असतानाच ही निगा होते. आपल्या कामाच्या गाड्यांचे मात्र आपण उलटे करतो. गाडी बंद पडली की मिस्त्री शोधतो, आणि ती चालत आहे तोवर बॉनेट उघडून पाहत नाही.

या अंकाच्या अभ्यासपाठात एकच गोष्ट शिकायची आहे. इंजिनाची ताकद एका दिवसात जात नाही. हवा, तेल, पाणी आणि इंधन या चार वाटांनी ती थोडी थोडी कमी होते. या चारही वाटा वेळेवर आणि थोड्या खर्चात सांभाळता येतात.

आपला रस्ता कसा आहे?

साखरखेर्डा हे आपल्या जिल्ह्यातले घाटावरचे गाव. येथून सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांकडे, म्हणजे संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यात जायचे तर चिखली, खामगाव, शेगाव करत घाटाखाली उतरावे लागते. पुढे डांबरी रस्ता संपून माती आणि मुरूम लागतो. परतताना तीच गाडी माणसे भरून घाट चढते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतो.

दुसरीकडे, ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. मेहकर किंवा सिंदखेडराजाला चढले की मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. एकाच आठवड्यात एकच गाडी धुळीच्या वाटेवर रखडते आणि काँक्रीटवर पळतेही. दोन्ही प्रकारचा ताण इंजिनावर येतो.

पहिली वाट : हवा

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ही सगळी हवा एअर फिल्टरच्या कागदी घड्यांमधून आत जाते. आपल्या वाटांवर त्या घड्या लवकर बुजतात. मग गाडी उचल घेत नाही, चढावर गिअर खाली टाकावा लागतो, आणि डिझेल गाडी काळा धूर सोडते.

येथे एक समजूत दुरुस्त करू. फिल्टर बुजला की अॅव्हरेज लगेच पडते असे सगळेच म्हणतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ते खरे होते. पण अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या तपासल्या, तेव्हा बुजलेल्या फिल्टरने अॅव्हरेज फारसे बदलले नाही, फक्त पिकअप कमी झाला. कारण गाडीतील संगणक कमी हवेला कमी पेट्रोल देतो. म्हणून ‘अॅव्हरेज ठीक आहे, म्हणजे फिल्टर ठीक आहे’ असे समजू नका. फिल्टर काढून डोळ्यांनी पाहा.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. तिथली हवा सुमारे दहा टक्के विरळ असल्यामुळे टर्बो नसलेल्या गाडीचा जोर तिथे आपोआप कमी होतो. ते आपल्या हातात नाही. पण त्यात फिल्टरही बुजलेला असेल, तर तो दोष आपला आहे.

फिल्टर झटकताना धूळ आतल्या बाजूला जाऊ देऊ नका. फाटलेला फिल्टर बुजलेल्याहून वाईट, कारण त्यातून गेलेली माती सिलिंडर घासते.

दुसरी वाट : तेल

मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो. तेल वंगण तर देतेच, शिवाय उष्णता वाहून नेते, काजळी आणि कण धरून ठेवते, आणि पिस्टनच्या रिंगांची फट बंद ठेवते. ते जुने झाले की ही चारही कामे ढिली पडतात. रिंगांमधून दाब निसटतो आणि तितकी ताकद वाया जाते.

तेल पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा, पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेखाली असेल तर भर घाला. वरच्या खुणेच्या वर भरू नका, कारण क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेस वंगण देत नाही.

डिझेल गाडीचे तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. त्याला घाबरू नका. काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. मात्र तेल दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, गाडी चालवू नका. आणि भर घालणे म्हणजे तेल बदलणे नव्हे. कमी झालेले भरले तरी जुनी घाण आतच राहते. तेल बदलाल तेव्हा ऑइल फिल्टरही बदला.

चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणू नका. तेथेच थांबा. त्या दोन-चार किलोमीटरमध्ये इंजिन सीझ होऊ शकते.

तिसरी वाट : पाणी

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथले विहीर-बोअरचे पाणी पिकाला आणि पिण्याला कसे असते हे आपल्याला ठाऊक आहे. तेच पाणी कोणी बाटलीत भरून रेडिएटरमध्ये ओतले तर काय होईल? चुलीवरच्या पातेल्यात बसतो तसा क्षाराचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या अरुंद होतात, आतले लोखंड गंजते, उष्णता बाहेर पडत नाही. घाट चढताना काटा लाल खुणेकडे जातो. तरीही गाडी रेटली तर हेड वाकते आणि गॅस्केट जाते. मग गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहते.

म्हणून कूलंटच वापरा आणि तो तीव्र असेल तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. कूलंट केवळ थंडीसाठी असतो ही समजूत चुकीची आहे. तो गंज रोखतो आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतो. अडचणीत साधे पाणी घालावे लागलेच तर स्वच्छ पाणी घाला, आणि परत आल्यावर सगळे काढून नवा कूलंट भरून घ्या.

गरम इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांहून गरम असते, झाकण सैल होताच ते अंगावर उसळते. इंजिन पूर्ण निवू द्या.

रेडिएटर बाहेरूनही पाहा. कापसाच्या आणि मळणीच्या दिवसांत त्याच्या जाळीत तंतू आणि कुटार अडकते. मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने ते निघते.

चौथी वाट : इंधन

डिझेल इंजेक्टरची छिद्रे सुईच्या टोकापेक्षा बारीक असतात. डबक्यात साठवलेले डिझेल टाकीत ओतले तर त्यासोबत पाणी आणि गाळही जातो. डिझेल फिल्टर वेळेवर बदला, आणि त्याच्या तळाशी साचलेले पाणी, विशेषतः पावसाळ्यात, मिस्त्रीकडून काढून घ्या. पेट्रोल गाडी झटके देत असेल तर स्पार्क प्लग तपासा.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा वेगळा फिल्टर धुराच्या नळीत असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. त्याचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवा.

किलोमीटर की तास?

बहुतेक मोटारींच्या पुस्तिकेत तेल बदलण्यासाठी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. पण त्याच पुस्तिकेत धूळ, उष्णता, चढ आणि जड भार यांसाठी कमी अंतर दिलेले असते. ते पान आपण वाचत नाही, आणि ते आपल्यासाठीच आहे.

एक हिशोब करा. समृद्धीवर ताशी १०० च्या वेगाने २०० किलोमीटर गेलो तर इंजिन दोन तास चालते. तेच अंतर पायथ्याच्या वाटेवर ताशी २० ने कापले तर दहा तास चालते. मीटरवर आकडा तोच दिसतो, पण झीज पाचपट वेळाची असते. म्हणून गाडीच्या वहीत किलोमीटरबरोबर तासही लिहा.

नेमाची वेळ

- रोज निघण्यापूर्वी : गाडीखाली तेल-पाण्याचा डाग आहे का पाहा.
- दर आठवड्याला : तेल, कूलंटची पातळी आणि टायरची हवा पाहा. हवा टायर थंड असतानाच मोजा. ती कमी असेल तर इंजिनाला जास्त ओढावे लागते.
- दर महिन्याला : एअर फिल्टर, पट्टा, बॅटरीची टोके आणि रबरी नळ्या पाहा.
- उन्हाळ्यापूर्वी कूलंट, पावसाळ्यापूर्वी ब्रेक, वायपर आणि डिझेल फिल्टर पाहा.
- धुराचा रंग लक्षात ठेवा : काळा म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, निळसर म्हणजे तेल जळत आहे, दाट पांढरा आणि थांबत नसेल तर पाणी आत जात आहे.

निगा राखल्याने गाडीला नवी ताकद येत नाही. मुळात होती ती टिकते. नवी ताकद देतो म्हणणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

हा खर्च कोणाचा?

आता एक नाजूक गोष्ट. सेवेसाठी नवी गाडी आली की आपण हार घालतो, प्रार्थना करतो, फोटो काढतो. एअर फिल्टरला कोणी हार घालत नाही. गाडीसाठी देणगी मागणे सोपे असते. तेलासाठी मागायला संकोच वाटतो, म्हणून चालक महिना-महिना सर्व्हिसिंग पुढे ढकलतो. पैसे वाचले असे वहीत दिसते, पण पुढे इंजिन उघडावे लागले की त्याच्या कितीतरी पट जातात.

डोळ्यांसमोर एक रात्र आणा. पायथ्याच्या वाडीतून बाळंतीण गाडीत आहे, मोबाइलला रेंज नाही, खामगाव दूर आहे, आणि चढावर काटा लालकडे सरकतो आहे. त्या वेळी चालकाचे कौशल्य कामाला येत नाही. तीन महिन्यांपूर्वी कोणी कूलंट पाहिला होता का, एवढेच कामाला येते.

म्हणून गाडीची देणगी देताना वर्षभराच्या तेल-फिल्टरचा वाटाही त्यात धरावा. एका माणसावर वहीची जबाबदारी द्यावी, आणि चालकाने ‘आज गाडी नेऊ नका’ म्हटले तर त्याचे ऐकावे.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या गाडीचे तेल शेवटचे कधी बदलले? हे कोणाच्या आठवणीत आहे की वहीत?

२. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी किती अंतर दिले आहे? ते पान काढून सर्वांसमोर वाचा.

३. पुढच्या पावसाळ्यापूर्वी गाडीच्या देखभालीसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, आणि तिचा हिशोब कोण ठेवील?