डोक्यावरून जाणारं विमान

प्रश्न : कॅरिबियन क्रूझवर सेंट मार्टिनला आमची बोट दिवसभर थांबेल. सोबत आई-बाबा आहेत. विमानं डोक्यावरून जातात तो माहो बीच बघायला जावं का?

उत्तर : जरूर जा. प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाची धावपट्टी किनाऱ्याला खेटून आहे, मध्ये फक्त रस्ता आणि कुंपण. उतरणारं विमान इतकं खाली येतं की चाकांचे टायर स्पष्ट दिसतात. युरोपातून येणारी मोठी विमानं साधारण दुपारी उतरतात. तिथल्या बारबाहेर सर्फबोर्डवर वेळा लिहिलेल्या असतात.

मात्र विमान उडताना कुंपणाजवळ थांबू नका, हे अगदी कळकळीने सांगते. इंजिनांचा झोत थेट किनाऱ्यावर येतो. वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचते, माणसं उलथून पडतात. 2017 मध्ये कुंपण धरून उभ्या असलेल्या एका पर्यटक महिलेचा त्यात जीव गेला. आई-बाबांना बाजूला, झोताच्या रेषेबाहेर बसवा.

परतताना घाई होईल असं करू नका. फिलिप्सबर्गचा धक्का फार लांब नाही, पण सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी उघडला की गाड्या खोळंबतात. घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेवा.