अमेरिकेंतील दोन वर्षांची पदवी आणि नोंदलेली परिचारिका

‘अमेरिकेंत दोन वर्षांत नर्स होतां येतें’ हें वाक्य हल्लीं बारावी झालेली मुलगी ज्या घरांत आहे अशा पुष्कळ घरांत ऐकूं येतें. कोठें नातलग सांगतो, कोठें दलाल सांगतो. त्या वाक्यांत सत्याचा अंश आहे. परंतु त्यावर विसंबून शेत गहाण टाकण्यापूर्वीं तें शिक्षण काय आहे, तें कसें निघालें व तें कोणासाठीं आहे, याचा शांतपणें विचार झाला पाहिजे. आजच्या पाठांत आम्ही तोच करणार आहों. खेड्यांतील शिक्षकांनीं व उपदेशकांनीं हा पाठ अशा घरीं बसून वाचून दाखवावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.

प्रथम मूळ पाहूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील बहुतेक परिचारिका इस्पितळांच्या शाळांत तयार होत. मुलगी तीन वर्षें इस्पितळाच्या वसतिगृहांत राही, दिवसपाळी व रातपाळी करी, आणि त्या श्रमाच्या बदल्यांत तिला अन्न, निवारा व धडे मिळत. शेवटीं जें प्रशस्तिपत्र मिळे त्यास डिप्लोमा म्हणत. ती कॉलेजची पदवी नव्हे. मिशनांच्या इस्पितळांबरोबर हीच रीत आपल्या देशांत आली. डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस जें इस्पितळ उघडलें, त्यासारख्या ठिकाणीं आमच्या मागच्या पिढ्यांतील कितीतरी मुली रोग्याच्या खाटेशींच आपली विद्या शिकल्या. त्या विद्येस आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्या रीतींत एक दोष होता: वॉर्डांत माणूस कमी पडलें कीं धडा राही व विद्यार्थिनी कामास जुंपली जाई. १९४८ सालीं एस्थर लुसिल ब्राऊन यांनीं अमेरिकेंतील नर्सिंगविषयीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत हें शिक्षण कॉलेजांत व विश्वविद्यालयांत नेलें पाहिजे, असें स्पष्ट सुचविलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत परिचारिकांची मोठी उणीव भासूं लागली. तेव्हां न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयाच्या टीचर्स कॉलेजांत मिल्ड्रेड मॉन्टॅग नांवाच्या विदुषीनें एक योजना मांडली. तिचा ग्रंथ १९५१ सालीं निघाला, आणि १९५२ सालीं सात कॉलेजें व एक इस्पितळाची शाळा मिळून पांच वर्षांचा प्रयोग सुरू झाला. तिनें त्यासाठीं कम्युनिटी कॉलेज निवडलें. हें कॉलेज गांवाजवळचें, सार्वजनिक पैशानें चालणारें व त्या भागांतील रहिवाश्यांस कमी फीचें असतें. विद्यार्थी घरीं राहून शिकतो. इस्पितळांच्या जुन्या शाळा बहुधा अविवाहित तरुण मुलीच घेत. कॉलेजांत मात्र विवाहित स्त्री, मुलांची आई, चाळिशीला आलेली विधवा, आणि पुरुषही येऊं लागले. आमच्या मतें या योजनेचें खरें महत्त्व वर्षें वांचलीं यापेक्षां दार रुंद झालें यांत आहे.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. मॉन्टॅगबाईंच्या मनांत या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांस पूर्ण परिचारिका करण्याचा हेतु नव्हता. चार वर्षांची पदवीधर परिचारिका व साधी मदतनीस यांच्यामधील एक कुशल कामकरी वर्ग त्यांस निर्माण करावयाचा होता. परंतु हे विद्यार्थी सरकारी परवान्याच्या त्याच परीक्षेस बसले व उत्तीर्ण झाले. मग कायद्यानेंही त्यांस ‘रजिस्टर्ड नर्स’, म्हणजे नोंदलेली परिचारिका, हेंच नांव दिलें.

आतां मार्ग कसा आहे तें पाहूं. ‘दोन वर्षें’ या शब्दांनीं फसूं नये. शरीररचना व शरीरव्यापार, सूक्ष्मजंतुशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी निबंध, असे विषय बहुतेक ठिकाणीं नर्सिंगच्या वर्गांत प्रवेश मिळण्यापूर्वींच पुरे करावे लागतात, आणि त्यांत सुमारें वर्ष जातें. शिवाय सरकारी कॉलेजांत जागा थोड्या व अर्ज फार, म्हणून कित्येकांस वाट पाहावी लागते. एकंदरींत तीन वर्षें धरून चालणें शहाणपणाचें होय. आठवड्यास एक तास याप्रमाणें सुमारें पंधरा आठवडे व्याख्यान झालें म्हणजे एक क्रेडिट धरितात, व पदवीस साधारणतः ६० ते ७२ क्रेडिट लागतात. प्रौढांचे आजार व शस्त्रक्रिया, प्रसूति, बालकांचे रोग, मनोरोग, या विभागांत शिक्षकांच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष रोग्यांजवळ काम करावें लागतें.

औषधाच्या मात्रेचें गणित हा सर्वांस घाबरविणारा विषय. डॉक्टरांनीं ५०० मिलिग्रॅम औषध सांगितलें आहे, आणि बाटलींत दर ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम आहे. तर किती द्यावें? उत्तर १० मिलिलिटर. गणित सोपें दिसतें. परंतु दशांशाचें चिन्ह एक घर सरकलें कीं मात्रा दसपट होते, व बालकाच्या बाबतींत तें प्राणावर बेततें. म्हणून अशा परीक्षेंत पुष्कळ कॉलेजें शेंकडा ९० किंवा त्याहून अधिक गुणांची अट घालितात. आपल्या मुलींचें गणित कच्चें राहूं देणाऱ्या आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पदवी हातीं आली म्हणजे परिचारिका झाली असें नाहीं. ज्या राज्यांत काम करावयाचें तेथील नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करावा लागतो, पूर्वचारित्र्याची चौकशी होते, आणि एनक्लेक्स नांवाची परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आलें तर पुढचा प्रश्न कठीण येतो, चुकलें तर सोपा; आणि उमेदवार सुरक्षितपणें काम करूं शकेल कीं नाहीं याची खात्री पटली कीं यंत्र थांबतें. एप्रिल २०२३ पासून तींत कमींत कमी ८५ व जास्तींत जास्त १५० प्रश्न असून मुदत पांच तासांची आहे. दोन वर्षांच्या व चार वर्षांच्या पदवीधरांस हीच एक परीक्षा आहे.

यावरून त्या देशांत जुना वाद आहे. १९६५ सालीं अमेरिकन नर्सेस असोसिएशननें व्यावसायिक परिचारिकेस चार वर्षांची पदवी असावी असें मत प्रसिद्ध केलें. नॉर्थ डकोटा राज्यानें १९८७ सालीं तसा नियमही केला, पण २००३ सालीं तो रद्द झाला. त्याच वर्षीं पेन्सिल्व्हेनियांतील १६८ इस्पितळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या पदवीधर परिचारिकांचें प्रमाण शेंकडा दहानें अधिक असेल तेथें शस्त्रक्रियेच्या रोग्यांचा मृत्यूचा संभव सुमारें शेंकडा पांचनें कमी आढळला. ही गोष्ट झांकून ठेवण्याजोगी नाहीं. परंतु चार वर्षांचा खर्च ज्यांस झेपत नाहीं त्यांच्यासाठीं दारच बंद करणें हाही न्याय नव्हे. न्यूयॉर्क राज्यानें २०१७ सालीं कायदा करून मधला मार्ग काढिला: दोन वर्षांच्या पदवीवर परवाना मिळेल, पण पुढें दहा वर्षांच्या आंत मोठी पदवी घ्यावी. हा मार्ग आम्हांस सर्वांत योग्य वाटतो. कमावतां कमावतां शिकणें आपल्या लोकांस नवें नाहीं.

मग आपल्या मुलींनीं काय करावें? ज्यांनीं येथें तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्‌सी. नर्सिंग अभ्यासक्रम पुरा करून नोंदणी केली आहे, त्यांस ही अमेरिकन पदवी पुन्हां घेण्याचें सामान्यतः कारण नाहीं. त्यांच्या शिक्षणाची तपासणी होते, इंग्रजीची कसोटी लागते, व एनक्लेक्स आपल्या देशांतही देतां येते. परंतु आपला ए.एन.एम. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला तरी तो या असोसिएट पदवीच्या बरोबरीचा नव्हे. वर्षांचा आंकडा सारखा दिसतो एवढ्यावरून दलाल जें सांगतो तें खरें मानूं नये.

बारावीनंतर तेथें जाऊन शिकूं इच्छिणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं कमी फी ही रहिवाश्यांसाठीं आहे. परदेशी विद्यार्थ्यास पुष्कळच अधिक द्यावी लागते, आणि शिक्षण संपल्यावर तेथें राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाहीं. त्याहून मोठा धोका खोट्या कागदांचा. जानेवारी २०२३ मध्यें अमेरिकन सरकारनें उघड केलें कीं फ्लॉरिडांतील कांहीं शाळांनीं ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग डिप्लोमे विकले होते. विकणारांवर खटले झाले, आणि घेणारांपैकीं अनेकांचे परवाने गेले.

यास्तव कोणी कॉलेजचें नांव घेऊन दारीं आला, तर त्याजकडून तीन गोष्टी कागदावर लिहून मागाव्या: हें कॉलेज कोणत्या राज्याच्या नर्सिंग बोर्डानें मान्य केलें आहे, परदेशी विद्यार्थ्यास सर्व वर्षांची फी किती, आणि तेथील किती विद्यार्थी गेल्या वर्षीं एनक्लेक्स उत्तीर्ण झाले. बोर्डांच्या याद्या सर्वांस खुल्या असतात. गांवांतील इंग्रजी जाणणाऱ्या शिक्षकानें त्या ताडून पाहाव्या. जो लिहून देण्यास टाळाटाळ करील त्यास विसारही देऊं नये.