खिशात मावणाऱ्या पिस्तुलाविषयी भाच्यास पत्र

धुळे,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. बापू यास,


दसऱ्याला सोनं द्यायला आलास तेव्हा ओट्यावर चार माणसं बसली होती, म्हणून तुझ्या प्रश्नाला मी बगल दिली. "मामा, शर्टाखाली दिसणार नाही असं लहानसं पिस्तूल कोणतं चांगलं?" असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं पुसण्यात आणि त्यांचा हिशेब ठेवण्यात गेली. तेव्हा माणूस बरोबर निवडलास, पण प्रश्न भलत्या टोकाने धरलास. पिस्तूल दिसेल की नाही हे सगळ्यात शेवटी बघायचं. ते झाडायची वेळ बहुधा कधीच येणार नाही आणि सांभाळायची वेळ रोज येणार आहे. त्या रोजच्या सांभाळण्यावरून हत्यार निवडायचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचा सगळा त्याचा तपशील.

आधी ते कशासाठी हवं ते बघू. मिरचीचा हंगाम तोंडावर आला आहे. गुंटूरच्या खालोखाल आपल्या नंदुरबारच्या मिरची बाजाराचं नाव घेतात आणि पैसाही तसाच फिरतो. मिरची वाळवायच्या पथारीवरच्या मजुरांचे पैसे, शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्यांची उचल, खेतियाकडची वसुली, सगळं तुझ्या त्या काळ्या बॅगेत. आता लुटारू कसे येतात ते ऐक. मोटारसायकलवर दोघे येतात, मागून येतात, आणि मागे बसलेला खांद्यावरची बॅग हिसकतो. तुझा हात कमरेकडे वळेपर्यंत गाडी वळणाआड गेलेली असते. अशा चोरीपुढे जगातलं कोणतंही पिस्तूल कामाचं नाही. म्हणून आधी बॅग हलकी कर. शेतकऱ्याची रक्कम त्याच्या खात्यावर टाक, मजुरांचे पैसे एकाच वारी, एकाच वेळी नेऊ नकोस, संध्याकाळी वसुलीला एकटा जाऊ नकोस. हे केल्यावरही एखाद्याकडून जिवाला खरंच धोका असेल आणि त्याची ठाण्यात नोंद असेल, तर पुढचं वाच. नाहीतर इथेच पत्राची घडी घाल.

परवाना हा आपला हक्क आहे असं समजून कलेक्टर कचेरीची पायरी चढू नकोस. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरसाहेबांकडे जातो. त्यावर पोलिसांचा अहवाल येतो. शरीर आणि डोकं दोन्ही ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो, हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. नाकारलं तर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. दिलेला परवाना काढूनही घेता येतो. बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याची २०२४ च्या अखेरीस केवढी चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षी प्रशासनाने त्यातले कितीतरी रद्द केले. कमरेला पिस्तूल लावून मोबाइलवर रील टाकणारे पोलिसांच्या नजरेत आधी भरतात. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लपवण्याचा तुझा मुद्दा कायद्यानेच सोडवला आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुझ्या ताब्यात असलं पाहिजे, असं २०१६ चे नियम सांगतात. म्हणजे झाकून बाळगणं तुझी हौस राहत नाही, ती तुझ्यावरची जबाबदारी होते. शर्टाखालून फुगवटा दाखवत बाजार समितीत हिंडणारा माणूस नियमाच्या काठावर उभा असतो.

आता माल काय मिळतो ते. सिनेमात दिसतं ते ९ एमएम तुझ्यासाठी नाही, तो बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकातच आटली. त्यामुळे जुन्या विलायती पिस्तुलाला लाखांनी भाव सांगतात आणि घेणारे घेतातही. तू त्या फंदात पडू नकोस. आपल्याकडे खरी निवड पॉइंट ३२ मध्ये आहे. कानपूरचं रिव्हॉल्वर सहा राउंडचं, वजन साधारण ७०० ग्रॅम. २०१४ साली आलेलं 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं. त्याची चक्री बाजूला उघडते, वजन पुन्हा ७०० ग्रॅमच्या जवळ. ईशापूरचं 'निडर' पॉइंट २२ चं आणि जेमतेम २५० ग्रॅमचं. पिस्तुलात 'अशनी' आहे, तेही ३२ चंच.

तुझा डोळा अडीचशे ग्रॅमवर जाणार हे मला ठाऊक आहे. पण हलक्या हत्याराची दोन दुखणी असतात. एक, गोळी तीच ठेवून हत्यार हलकं केलं की धक्का हाताला जास्त बसतो आणि दुसरी गोळी भरकटते. निडरमध्ये धक्का कमी आहे, पण तो गोळीच लहान म्हणून. दुसरं दुखणं आखूड नळीचं. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि नेम धरताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर २० सेंटिमीटर असेल तर चूक निम्मी होते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारात पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. वर्षानुवर्षं सराव केलेल्या हातालाही वजन आणि लांबी हवीशी वाटते, आणि तू कधी बार न काढलेल्या हाताने मुठीत मावणारं हत्यार मागतोस! लपवायला सोपं ते चालवायला अवघड, हे ध्यानात ठेव.

म्हणून माझा कौल ७०० ग्रॅमच्या आसपासच्या पॉइंट ३२ रिव्हॉल्वरला. पिस्तुलाला नाही, आणि कारण सांगतो. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की नवख्याला वाटतं हत्यार रिकामं झालं. पण एक राउंड चेंबरमध्ये बसलेला असू शकतो आणि बाहेरून तो दिसत नाही. "रिकामंच आहे" म्हणत चाप ओढणाऱ्यांच्या कहाण्या प्रत्येक कोतात सांगतात. रिव्हॉल्वरची गोष्ट उघड असते. जुन्या कानपुरीची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते, मधली चांदणी वर येते आणि सहाही राउंड एकदम उचलून देते. मग सहा भोकांतून पलीकडचा उजेड दिसतो, आणि तो दिसेपर्यंत हत्यार भरलेलंच समजायचं. एखादा राउंड फुसका निघाला तर पुन्हा चाप ओढ, पुढचं घर समोर येतं. पिस्तूल अडकलं तर स्लाइड मागे खेचून राउंड बाहेर काढावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाची बोटं ते करत नाहीत.

तरी रिव्हॉल्वरही साधंभोळं नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या हातून परवान्याचं रिव्हॉल्वर ठेवताना सुटलं आणि गोळी त्यांच्या पायात गेली. समोर ना चोर, ना भांडण, नुसतं कपाटात ठेवणं चाललं होतं. म्हणून जुनं, विकत फिरणारं रिव्हॉल्वर जाणत्या आर्मररला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. ते पडलं तर घोडा काडतुसावर आदळू नये अशी अडणी आत आहे का, हे त्याला विचार.

आता तुझा एक दिवस डोळ्यांसमोर आण. वैशाखात आपल्याकडे पारा ४४ ला टेकतो, बनियन पाठीला चिकटतं. अंगाला लागून असलेल्या लोखंडाला घामाने दोन दिवसांत तांबूस डाग येतात. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने राहिली की पितळेवर हिरवी पुटं चढतात, आणि असा राउंड चक्रीच्या घरात अडकतो. पथारीवर उभा राहिलास तर मिरचीची भुकटी उडते, तेलावर बसते आणि चक्रीच्या कडेला तिचा लगदा होतो. म्हणजे रोज संध्याकाळी हातपाय धुवायच्या आधी हत्यार उघडायचं, कापडाने पुसायचं, तेलाचा एक थेंब द्यायचा. दमून आल्यावर हे होणार आहे का? मोटारसायकलवर बसताना कमरेचं हत्यार पोटात रुततं. मग माणूस ते डिकीत टाकतो, आणि डिकीतलं हत्यार चोराचं. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं घे. नुसतं पँटीत खोचायचं नाही, खिशात किल्ल्यांबरोबर तर मुळीच नाही. कोर्टात, लग्नाच्या मांडवात, दारूच्या बैठकीत ते चालणार नाही, तेव्हा त्या दिवशी ते घरी कोणत्या कुलपात राहील हे आधी ठरव. घरी पोरं आहेत. भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुझ्याजवळ.

आणखी एक अडचण आपल्या मुलखाची. परवान्यावर तो कुठवर चालतो हे लिहिलेलं असतं. तुझा नंदुरबार जिल्हा दोन राज्यांना चिकटलेला. नवापूरच्या स्टेशनात तर निम्मा फलाट महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत. परवाना महाराष्ट्रापुरताच असेल तर गाडीची वाट बघत चार पावलं टाकलीस तरी गुन्हा होतो. निझर, उच्छल, खेतिया ही तुझी वसुलीची गावं, तिन्ही पलीकडची. त्या वाटेवर हत्यार नेता येणार नसेल तर ते घेतलंस कशाला, हा प्रश्न अर्जाआधी सोडव. आचारसंहिता लागली की बहुतेकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. त्या दिवसांत तू आजच्यासारखाच रिकाम्या हाताने फिरणार आहेस.

परवान्याला वेळ लागतो म्हणून कुणीतरी तुझ्या कानाशी लागेल, की चोपड्याच्या पलीकडे, उमर्टीच्या बाजूला काम होतं. त्या माणसाला दारातूनच वाटेला लाव. गावठी कट्ट्याची नळी कशाची, भोक सरळ की वाकडं, कुणालाच ठाऊक नसतं. तो पुढच्या माणसावर चालतो तसा धरणाऱ्याच्या तळहातातही फुटतो. आणि विनापरवाना हत्यार नुसतं जवळ बाळगलं तरी किमान दोन वर्षांची कैद आहे. अक्काच्या घरात ती नामुष्की नको.

शेवटचं आणि सगळ्यात जड. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. चोर बॅग घेऊन पळत सुटला आणि तू त्याच्या पाठीत गोळी घातलीस, तर पुढची वर्षं नंदुरबारच्या कोर्टाच्या व्हरांड्यात जातील. त्या रस्त्यावर हातगाडी, शाळेतून येणारी पोरं, हमाल, सगळेच असतात. चुकलेली गोळीही कुणाला तरी लागतेच, आणि तिचा जाब तुलाच द्यावा लागतो.

तेव्हा असं कर. दिवाळीपर्यंत वहीत रोज एकच नोंद ठेव: आज रोख किती नेली, त्यातली बँकेतून किती जाऊ शकली असती. दुसरं, रायफल क्लबात जाऊन भाड्याच्या हत्याराने सराव करून बघ. दहा मीटरवरच्या कागदावर तुझ्या गोळ्या कुठे जातात ते स्वतः पाहा. तिसरं, सूनबाईशी बोल. ती पेटी तिच्याच घरात बसणार आहे, आणि तिचा नकार आला तर तो कलेक्टरसाहेबांच्या नकाराइतकाच पक्का समज. वही, कागद आणि तिचं उत्तर घेऊन भाऊबिजेला ये. तिन्ही पाहून जर वाटलं की तुला हत्यार लागतंच, तर कानपुरी रिव्हॉल्वरसाठी अर्ज मी स्वतः बसून भरून देईन. नाही वाटलं, तर हत्याराच्या पैशांत पथारीवर चार कॅमेरे, एक चांगली तिजोरी आणि वसुलीला सोबत जाणाऱ्या पोऱ्याचा हंगामाचा पगार भागतो.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नानामामा