शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो तेव्हा

शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकतो. मुलांचा अभ्यास होत नाही, पाळीवरून आलेल्या कामगाराची झोप मोडते आणि दोन घरांत वैर उत्पन्न होते. अशा वेळी काय करावे?

प्रथम कारण शोधावे. कारणावाचून कुत्रा भुंकत नाही. सतत साखळीला बांधलेला, एकटा पडलेला, भुकेला किंवा आजारी कुत्रा भुंकतो. म्हणून आठवडाभर भुंकण्याच्या वेळा वहीत टिपाव्यात. मालक कामावर गेल्यावरच कुत्रा भुंकत असेल, तर ते मालकाला ठाऊकही नसते. ती वही घेऊन शांतपणे त्याच्याकडे जावे. कुत्र्याला रोज फिरवून आणणे, रात्री घरात घेणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

कुत्र्याला दगड मारणे वा विष घालणे ही क्रूरता आहे आणि १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे. परंतु नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरविणारा मालकही त्याच कायद्याने दोषी ठरतो. हे त्याला समजावून सांगावे. तरीही त्याने ऐकले नाही, तर चार शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पोलिसांकडे अर्ज करावा.

कुत्र्याचा त्रास दूर करणे हाच आपला त्रास दूर करण्याचा मार्ग आहे, हे ध्यानात ठेवावे.