नाझरेथला परतल्यानंतर

वाचा : मत्तय 2:19-23, लूक 2:51-52, प्रेषितांची कृत्ये 18:1-3



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की आपल्या धर्मग्रामात एक दृश्य हमखास दिसते. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एखादे कुटुंब सगळ्यांना फोनमधले फोटो दाखवत उभे असते. कोणी मुलाकडे दुबईला जाऊन आलेले असते, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहून आलेले असते, तर कोणी वर्षानुवर्षे पै-पै साठवून मुलाबाळांसह पवित्र भूमीची यात्रा करून आलेले असते. चॉकलेटे वाटली जातात. आम्हीही ती आनंदाने खातो.

प्रवासाविषयी आपण पुष्कळ बोलतो. प्रवासाला निघणाऱ्यांना आशीर्वाद देतो, परतणाऱ्यांचे स्वागत करतो. पण स्वागत झाल्यावर जो सोमवार उजाडतो, त्याविषयी कोणी बोलत नाही. आज आपण त्या सोमवारचा विचार करू या. विशेषतः ज्यांचे पोट आणि ज्यांचा मान हातांतल्या कारागिरीवर उभा आहे, त्यांच्या सोमवारचा.

1. मशीनवरची धूळ

शिवणकाम करणारी एखादी भगिनी डोळ्यांसमोर आणा. अशा भगिनी आपल्याकडे बऱ्याच आहेत, म्हणून कोणी हे आपल्यावरच लिहिले आहे असे समजू नये. वीस-पंचवीस वर्षे मशीन चालवून तिने घराला हातभार लावला. प्रथम कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, नाताळच्या घाईतले ब्लाउज, वेदीसाठी भरतकाम केलेली वस्त्रे तिच्या हातून उतरली. त्याच पैशांत मुलगा शिकला, परदेशी गेला, आणि एक दिवस त्याने आईवडिलांना तिकडे बोलावून घेतले. तीन महिने नातवंडांत कसे गेले ते कळलेच नाही.

मग परतीचा दिवस. मुंबईचे विमानतळ, रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, पहाटेच्या अंधारात स्टेशनबाहेरची रिक्षा आणि कुलूप उघडताच येणारा बंद घराचा वास. मशीनवर धूळ साचली आहे. पट्टा सैल झाला आहे, तेल घातल्याशिवाय चाक फिरत नाही. मापांची वही उघडून पाहावे तर निम्म्या गिऱ्हाइकांनी कपडे दुसरीकडे टाकलेले. बोटांवरचा घट्टा मऊ पडल्याने सुई टोचते. नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, हेही शेजारणीला विचारावे लागते. आणि संध्याकाळी मुलाचा फोन येतो : "आई, आता कशाला शिवत बसतेस? मी पाठवतो ना पैसे."

मुलगा हे मायेनेच बोलतो, त्याला दोष देता येत नाही. पण फोन ठेवल्यावर ती माउली मशीनकडे पाहत बसते. आजवरचे आपले काम फक्त पैशांसाठी होते काय? पैसे दुसरीकडून आले, म्हणजे या हातांचे काम संपले काय? सुतार, गवंडी, रंगारी, लोहार, जपमाळा ओवणारे, नाताळचा गोठा आणि तारे तयार करणारे, या सगळ्यांना हा प्रश्न आज ना उद्या भेटतो. प्रश्न श्रद्धेचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आपण शुभवर्तमानात शोधू या.

2. इजिप्तहून परतलेला सुतार

शुभवर्तमानात एक कारागीर आहे, जो कुटुंबासह परदेशी गेला आणि परतला. तो म्हणजे संत योसेफ. त्याचा प्रवास सुट्टीचा नव्हता. हेरोद बाळाच्या जिवावर उठला होता, म्हणून रातोरात बाळाला आणि मरियेला घेऊन तो इजिप्तला निघाला. तेथे त्यांनी काय पाहिले असेल? इजिप्तचे पिरॅमिड तेव्हाच दोन हजार वर्षांहून जुने झाले होते. अलेक्झांड्रिया हे त्या काळच्या जगातील मोठ्या शहरांपैकी एक होते आणि तेथे यहुदी लोकांची मोठी वस्ती होती. मत्तय मात्र यातले एक अक्षरही लिहीत नाही. हेरोद मेल्यावर देवदूताने परत जायला सांगितले आणि योसेफ उठून निघाला, एवढेच तो सांगतो.

परतणेही सरळ नव्हते. यहुदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव गादीवर बसला होता, म्हणून तिकडे जाण्याची योसेफाला भीती वाटली. शेवटी त्याने गालीलात, नाझरेथ गावी बिऱ्हाड केले. हे गाव इतके लहान की जुन्या करारात त्याचे नावही सापडत नाही. तेथे त्याने हत्यारे हातात घेतली असणार. शुभवर्तमानात त्याच्या व्यवसायासाठी 'तेक्तोन' हा ग्रीक शब्द आहे. आपण त्याचे भाषांतर सुतार असे करतो, पण त्यात लाकूडकाम आणि बांधकाम करणारा कारागीर असा व्यापक अर्थ आहे. नाझरेथपासून पाच-सहा किलोमीटरवर सेफोरिस नावाचे नगर तेव्हा नव्याने बांधले जात होते. योसेफाला तेथे काम मिळाले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते.

यानंतर शुभवर्तमान जवळजवळ गप्प होते. बारा वर्षांच्या येशूची यरुशलेमची यात्रा तेवढी येते, आणि तिच्या शेवटीही लूक पुन्हा नाझरेथला परतण्याविषयीच सांगतो. येशू आईवडिलांबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रभूने सार्वजनिक कार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. पुढे तो आपल्या गावच्या सभास्थानात शिकवू लागला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कसे ओळखले, ते लक्षात घ्या. 'इजिप्तहून आलेले ते कुटुंब' अशी खूण कोणी सांगितली नाही. मत्तय म्हणतो, लोकांनी त्याला सुताराचा मुलगा म्हटले. मार्क तर सांगतो, त्याला स्वतःलाच सुतार म्हटले. परदेशात काय पाहिले यावरून नव्हे, तर गावात रोज काय केले यावरून पवित्र कुटुंबाची ओळख टिकली.

पोप सहावे पॉल 5 जानेवारी 1964 रोजी नाझरेथला गेले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसलाही आले होते. नाझरेथ ही एक शाळा आहे, असे त्यांनी तेथे सांगितले आणि त्या शाळेचे तीन धडे मांडले : शांतता, कुटुंब आणि श्रम. पोप बारावे पायस यांनी 1955 मध्ये 1 मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरवला. पोप फ्रान्सिस यांनी 8 डिसेंबर 2020 च्या पत्रात योसेफाला श्रम करणारा पिता म्हणून गौरवले. ख्रिस्तसभा पुन्हा पुन्हा त्या कामाच्या बाकाकडे वळते, ते उगाच नाही.

3. वस्तू घडते, माणूसही घडतो

सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद समजावून दिला होता. घडवणे वेगळे आणि वागणे वेगळे. घडवण्याचे चांगलेपण तयार होणाऱ्या वस्तूत असते, वागण्याचे चांगलेपण करणाऱ्या माणसात उतरते. चांगली खुर्ची करणारा चांगला सुतार ठरतो, पण तेवढ्याने तो चांगला माणूस ठरत नाही. तेव्हा आम्हाला हा भेद परीक्षेपुरताच वाटला होता.

पुढे पोप दुसरे जॉन पॉल यांचे 14 सप्टेंबर 1981 चे श्रमाविषयीचे पत्र वाचले आणि तो भेद नीट उमगला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तरुणपणी, त्यांनी स्वतः दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. ते सांगतात की कामाचे पहिले मोल तयार झालेल्या मालात नाही, ते काम करणाऱ्या माणसात आहे. शिलाई कापडाला जोडते, पण शिवणारीचा धीर, तिचा चोख हिशेब, गरिबाच्या मुलीचा फ्रॉक ठरल्या दिवशी देण्याचा तिचा शब्द या गोष्टी तिला घडवतात. मुलाच्या पैशांनी शिलाईचे पैसे भरून निघतील, हे मात्र भरून निघणार नाही.

म्हणून त्या माउलीला आमचे सांगणे असे : वय झाले असेल, डोळे थकले असतील, तर काम कमी करा. विश्रांती हेही देवाचे दान आहे. पण 'आता गरज नाही' एवढ्याच कारणासाठी मशीनवर कायमचे कापड टाकू नका.

संत पौलाकडेही पाहा. तो करिंथला पोचला तेव्हा त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले. सम्राट क्लौद्य याच्या हुकमामुळे त्यांना रोम सोडावे लागले होते. तिघांचाही धंदा तंबू करण्याचा. पौल त्यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर कामाला बसला. गाव परके होते, पण काम ओळखीचे होते, आणि ते काम करत असतानाच करिंथच्या मंडळीची सुरुवात झाली.

4. केडगावचे उदाहरण

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण आहे. पंडिता रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, पण त्यांच्या आयुष्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. 1883 मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथे ठिकठिकाणी त्यांची व्याख्याने झाली, मानसन्मान मिळाला. 1889 मध्ये त्या परतल्या, अमेरिकेच्या प्रवासावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी 11 मार्चला मुंबईत शारदा सदन उघडून कामाला लागल्या. अमेरिकेत त्यांनी बालशिक्षणाची बालोद्यान पद्धत शिकून घेतली होती, ती येथील मुलींच्या उपयोगी आणली.

पुढे पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळात उद्ध्वस्त झालेल्या स्त्रिया आणि मुली तेथे आल्या. त्यांना विणकाम, शिवणकाम, छपाई असे हातांचे काम शिकवले गेले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलच्या छपाईतही तेथील स्त्रियांचे हात राबले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. जग पाहून आलेल्या या विदुषीने परतल्यानंतरची तेहतीस वर्षे इथल्याच स्त्रियांमध्ये काढली.

5. कापडाची मागची बाजू

आता आमचीही एक चूक कबूल करतो. पवित्र भूमीच्या यात्रेहून आम्ही परतलो, तेव्हा पुढचे कित्येक रविवार आमचे प्रवचन "यरुशलेममध्ये आम्ही पाहिले" अशा शब्दांनीच सुरू होत असे. एके दिवशी मिस्सानंतर एक आजी हळूच म्हणाल्या, "फादर, तिकडचं सगळं ऐकलं. माझे म्हातारे चार महिने अंथरुणाला आहेत. आमच्या गल्लीत कधी येता?" आम्ही निरुत्तर झालो. पवित्र भूमीची माती आम्ही डबीत घालून आणली होती, आणि शेजारच्या गल्लीची वाट विसरलो होतो.

आपल्या शहराला हिमरूची जुनी परंपरा आहे. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हा विणकरही त्याच्याबरोबर आले, असे सांगतात. राजधानी परत गेली, पण कला इथे राहिली. हिमरूत ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा असतो. समोरून नक्षी सुंदर दिसते. कापड उलटे केले की मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. पैठणीचे तसे नसते. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहा, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. त्यासाठी विणकराला रंगारंगाचे धागे एकमेकांत अडकवत एकेक ओळ विणावी लागते, म्हणून पैठणीला वेळ लागतो.

आपला प्रवास ही लोकांना दिसणारी बाजू आहे. फोटो त्याचेच निघतात. धूळ पुसणे, पाणी भरणे, गेलेले गिऱ्हाईक पुन्हा जोडणे, नातवंडांची आठवण गिळून सुईत दोरा ओवणे, ही मागची बाजू आहे. ती देवाला दिसते. दोन्ही बाजूंना एकच नक्षी यावी, एवढेच आपण त्याच्याकडे मागावे. तिकडच्या मोठ्या चर्चमध्ये ज्या भक्तिभावाने गुडघे टेकले, त्याच भावाने इथे कामाला बसता आले, तर प्रवास सार्थकी लागला.

मननासाठी प्रश्न

1. परदेशाहून किंवा यात्रेहून परतल्यावर मी घरच्यांना, शेजाऱ्यांना "तिकडे असे नसते" हे वाक्य किती वेळा ऐकवले?
2. माझ्या हातातले काम पैशांशिवाय आणखी कोणाकोणाला काय देते?
3. आईवडिलांच्या कामाविषयी मी फोनवर कोणत्या शब्दांत बोलतो?

या आठवड्याचा संकल्प

परतून आलेल्या कारागिराने पहिल्या दिवशी आपली हत्यारे स्वच्छ करावीत, त्यांना तेलपाणी करावे आणि संत योसेफाचे नाव घेऊन एक लहानसे काम पुरे करावे. शक्य असेल त्याने धर्मग्रामातील एका तरी मुलाला किंवा मुलीला आपली कला शिकवायला सुरुवात करावी. इतरांनी अशा एका घरी जावे, फोटो अवश्य पाहावेत, आणि निघताना एखादे काम टाकून यावे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात हातांनी काम केलेस. दूरच्या वाटेवर तू आम्हाला सांभाळलेस, आणि आता आमच्या दारात आणून सोडले आहेस. थकलेल्या हातांना बळ दे, दूर असलेल्या आमच्या लेकरांना जप, आणि उद्या सकाळी आम्ही कामाला बसू तेव्हा आमच्याजवळ राहा. आमेन.

– आपले धर्मगुरू